तिला बोलू दिलं नाही

मनीची आई गेली त्याला सव्वा महिना झाला. आमचं शेवटचं बोलणं झालं ते बुलढाण्याच्या दवाखान्यात, भर दुपारी. मनी, आमची एकुलती एक मुलगी, औषधाची चिठ्ठी घेऊन खाली गेली होती. खोलीत आम्ही दोघंच. तिने माझं मनगट धरलं. अंगात ताकद उरली नव्हती, पण धरलं असं की सुटू नये. म्हणाली, "मनीचे बाबा, एक सांगाचं राह्यलं. बसा जरासे." मी बसलो नाही. म्हटलं, "आधी चहा आणतो. तुह्यासाठी बी आणतो." तिला डॉक्टरांनी पाण्याचा घोटसुद्धा बंद केला होता, अन् मी तिच्यासाठी चहा आणायला निघालो! फाटकासमोरच्या टपरीवर एक चहा घेतला, मग दुसरा, मग नको असताना तिसरा... पाय वर जायला तयार नव्हते. वर आलो तर तिच्या तोंडावर मास्क लागला होता. पुढे तीन दिवस ती होती, पण बोलली नाही. मी सत्तरीला टेकलेला माणूस. साप मारले, विहिरीत उतरलो, कशाला कधी भ्यालो नाही. पण बायकोच्या एका वाक्याला भ्यालो. का भ्यालो ते सांगायला हे लिहायला घेतलं.

मी चौथी शिकलो, त्यामुळे गोडगोड लिहिता येणार नाही. आमचं गाव देऊळगाव राजाच्या अंगाला. तिचं माहेर पार तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूरकडे. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या बाया तिच्या बोलण्याला हसायच्या. ती म्हणायची, "हसा, हसा. तुमचं बोलनं आयकून आमच्याकडची म्हैस बी हसते." अशी तोंडाची फटकळ. पण दहा वर्षं मूल झालं नाही, तेव्हा तिचं हसणं कमी झालं. माझी आई ओट्यावर बसून चारचौघांत म्हणायची, "दुसरी कर बे, कवरोक वाट पाहतं?" मी 'नाही' म्हटलं असतं तर आज छाती फुगवून लिहिलं असतं. मी 'नाही' म्हटलं नाही. गप्प बसलो. अन् माझं ते गप्प बसणं तिने पाहिलं. त्याच साली तिची आई आजारी पडली म्हणून ती माहेरी गेली, बरेच दिवस राहिली, परत आली, अन् मनी झाली. मी महिने मोजले नाहीत. कशाला मोजू? गावभर पेढे वाटत फिरत होतो. त्याआधी ती मला 'आयकलं का' म्हणून हाक मारायची. त्या दिवसापासून 'मनीचे बाबा' म्हणायला लागली.

आमचा धंदा मिरचीच्या बियाण्याचा. शेडनेटमध्ये नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या. दुपारी मादीची कळी चिमट्याने उघडून तिच्यातले नर काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलाची पावडर तिला लावायची अन् खूण म्हणून देठाला लोकरीचा दोरा बांधायचा. दोरा असलेली मिरची आपली. बिनदोऱ्याची दिसली की तोडून फेकायची. कंपनीचा सुपरवायझर पोरगा हसत सांगायचा, "काका, बिनदोऱ्याचीचा बाप कोण ते देवाले ठाऊक. एक बी राह्यली तं सॅम्पल फेल." मनीच्या आईचा हात या कामात असा बसला होता की दुसऱ्या गावच्या बाया बघायला यायच्या. ती बोलत राहायची, बोटं आपली चालत राहायची. कंपनीच्या शुद्धतेच्या तपासणीत आमचं सॅम्पल कधी फेल गेलं नव्हतं.

दहा वर्षांमागे मला जांघेत सूज आली म्हणून एकटाच जालन्याला डॉक्टरकडे गेलो. तपासण्या झाल्या. डॉक्टर भला माणूस होता. त्याने विचारलं, लहानपणी गालफुगी झाली होती का? म्हटलं, झाली होती, त्यात महिनाभर तापाने पडलो होतो. तो म्हणाला, तेव्हाच सगळं सुकून गेलं आहे, तुम्हाला मूल होणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "सायेब, माही पोरगी कॉलेजात शिकते." त्याने विचारलं, "दत्तक घेतली का?"

मी म्हटलं, "हाव."

कसं आलं तोंडातून, माहीत नाही. बाहेर येऊन फाईल फाडली अन् एसटी स्टँडवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. थोडा वेळ बसलो, मग उठून पुन्हा डब्यात हात घातला अन् ज्या तुकड्यावर माझं नाव होतं तो वेचून खिशात टाकला. कोणी वाचला तर? लोक म्हणतील राग आला असेल. राग आला, नाही असं नाही. एसटी गावात पोचेपर्यंत तो टिकला. दारात मनी उभी होती, म्हणाली, "बाबा, काय म्हणे डॉक्टर?" तिथून पुढे नुसती भीती. हिला कळलं तर ही मला बाबा म्हणेल का? हिच्या आईला कळलं की मला कळलं, तर ती या घरात थांबेल का? माहेरी कोणा डॉक्टरचा इलाज होता की कोणी माणूस होता, हे मी स्वतःला विचारायला लागलो की तिथेच थांबायचो. मला ते नको होतं. मला फक्त घरात कोणी काही बोलू नये असं वाटायचं.

पण हाताने दगा दिला. त्या हंगामात माझ्या ओळीत बिनदोऱ्याची मिरची दिसली की हात तिच्यापर्यंत जायचा अन् थांबायचा. चांगली भरलेली, तकतकीत मिरची. या मिरचीचा काय गुन्हा? तोडवायची नाही. पानाआड सारायचो अन् पुढे व्हायचो. एक नाही, अशा कितीतरी. तोडणीला आलो तेव्हा मनीच्या आईने माझी ओळ तपासली. लाल झालेल्या चार-पाच मिरच्या पदरात घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"ह्या ओळी तुमच्या ना? डोळे गेले का तुमचे?"

"दिसल्या नाईत," मी म्हटलं.

"दिसल्या नाईत का तोडवल्या नाईत?"

मी पाटी उचलून पुढच्या ओळीत गेलो. त्या साली आमचं सॅम्पल फेल गेलं. सुपरवायझर म्हणाला, "काकू, तुमच्या हातचं सॅम्पल? इश्वास नाई बसत." ती म्हणाली, "माह्याच हातून चुकलं, बापू." पुढच्या हंगामापासून माझ्या ओळी ती न सांगता स्वतः करायला लागली. तेव्हा मी ओळखलं की मला कळलंय हे हिला कळलं. मग आम्ही दोघंही एकमेकांना भिऊन राहिलो. ती बोलायला तोंड उघडायची अन् मी बैलाला पाणी दाखवायला उठायचो. मनीच्या लग्नात कन्यादानाला बसलो तर हातातलं पाणी ताम्हणाबाहेर सांडत होतं. लोक म्हणाले, बापाचं काळीज आहे. मी मनात म्हटलं, भटजी पुढे मुलीचं कूळ-गोत्र विचारतो का, त्याचं भेव आहे बाबांनो. तिने पदराआडून माझा हात खालून धरला. वरून कोणाला दिसलं नाही.

मनी आता साखरखेर्ड्याला शाळेत शिक्षिका आहे. आई गेल्यावर म्हणाली, "बाबा, पेपरच्या पुरवणीत लोक आपल्या माणसावर लिवतात, तुम्ही आईवर लिवा. मी साफ करून देईन." मला जे तोंडाने दहा वर्षं जमलं नाही ते मी कागदावर लिहिलं, इथवरचं सगळं. रविवारी ती आली, तिच्या हातात वही दिली अन् मी बाहेर ठिबकच्या नळ्यांचे कॉक उगाच उघडत-बंद करत राहिलो. ती बाहेर आली. रडलेली होती, पण रागात होती.

"तिले बोलू काऊन नाई देल्लं, बाबा?"

"भेव वाटलं, बाई."

"तुमाले भेव वाटलं! अन् मी? कोण, कुठला, जिता हाय का मेला, मले आता कोण सांगन? ते तुमचं नव्हतं बाबा, ते माह्यं होतं. चहा प्याले गेले तुम्ही!"

वही पिशवीत टाकून ती जीपने निघून गेली. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी मोबाईल चार्जिंगला लावून त्याच्यासमोर खाटेवर बसून राहिलो. शेडनेटमध्ये गेलो नाही, भाकरी थापली नाही. दहा वर्षं ज्याला भ्यालो ते हेच होतं... असंच घर, असाच न वाजणारा फोन.

तिसऱ्या दिवशी आला.

"जेवले का?"

"नाई."

"जेवा आधी. अन् आयका. कागद मी साफ लिवला, वहीनंतरचं तुम्ही लिवून द्या, मंग पेपरले पाठवते. पण आईचं नाव समद्या ठिकाणी काढलं. तिले आता इचारता येत नाई, छापू का म्हणून."

"बरं केलं. तुहं बी काढ."

"माह्यं काऊन काढू? माह्यं पुरं टाकते. माह्या सर्टिफिकेटावर हाय तसं. मधात तुमचं हाय तसं."

म्हणून या लिखाणात मनीच्या आईचं नाव कुठे नाही. ज्या मुलीने हे साफ लिहून दिलं तिचं आहे : मनीषा भगवान शेळके.