पाऊण तासाचं नागपूर

देवराव म्हणजे माझ्या कमलिनीताईचे मिस्टर, आमचे भाऊजी. दुर्गजवळच्या पोलाद कारखान्यातून अफसर म्हणून रिटायर झाले, तिथंच रिसालीत घर बांधलं, पण अफसरी काही अंगातून उतरली नाही. कोणी नागपूरचं नाव काढलं का याइचं सुरू, "रायपूर ते नागपूर पावणेतीनशे किलोमीटर. विमानाले पाऊण तास. तुमी लोकं दुर्गहून गाडीत बसून हाडं कावून खिळखिळी करून राहिले?" स्वतः त्या विमानात कधी बसले, ते विचारू नका. पोरानं, हर्षलनं, मोबाईलवर नकाशा दाखवला होता, तेवढंच ज्ञान.

मी वसुंधरा, त्याइच्या जवळच मरोद्याले राहते. मले असा फुशारकी मारणारा माणूस सहन होत नाही, आधीच सांगून ठेवते.

मागच्या वर्षी त्याइच्या भाचीचं, अनुजाचं लग्न नागपूरले ठरलं. अनुजाले वडील नाहीत. आई वंदना, म्हणजे भाऊजीची धाकटी बहीण, विधवा. म्हणून कन्यादान मामा-मामीच करतील, असं भाऊजीनं ठणकावून सांगितलं. वंदना बिचारी एकदाच बोलली, "दादा, मीच वाढवलं तिले. मी बसली तर?" भाऊजी कडाडले, "विधवा बाई कन्यादानाले बसते का कुठं? लोकं तोंडात शेण घालतील." मले असा संताप आला, पण मी पडली ताईकडची, काय बोलणार.

आदल्या दिवशी आम्ही सगळे दुर्गहून गाडीनं निघालो. गप्पा मारत, गोंदियाले चहा पीत, संध्याकाळी पोचलो बी. भाऊजी मात्र घरीच थांबले. "तुमच्या आंघोळी होईपर्यंत मी मांडवात हजर," म्हणे.

लग्नाच्या सकाळी फोन आला. साहेब हैदराबादले. थेट विमान त्या दिवशी नव्हतंच. याइनं तिकिटावर सुटायचं गाव पाहिलं, उतरायचं गाव पाहिलं, मधलं पाहिलंच नाही. हर्षल म्हणत होता, "पापा, एक बार देख लो," तर त्याले म्हणे, "मले शिकवतो का?" शेजारच्या गावी जायले माणूस पार तेलंगणात जाऊन बसला, अन् तिथलं पुढचं विमान लेट. वरून फोनवर हुकूम, "मी आल्याबिगर कन्यादान करायचं नाही."

मुहूर्त काय याइच्या ऑफिसातला शिपाई आहे थांबायले? गुरुजी घड्याळ पाहून राहिले, व्याही मंडळी कुजबुजून राहिली. ताईले नवऱ्याबिगर पाटावर बसता येईना, ती रडकुंडीले आली. कोणीतरी एका दूरच्या काकाचं नाव काढलं. तेव्हा अनुजा सगळ्याइसमोर बोलली, "मले दूरचे काका नको. आई, तू बस." सासरेबुवा भला माणूस. म्हणाले, "बरोबर आहे. बसा, विहीणबाई."

वंदना बसली. पाण्याची धार तुटू दिली नाही तिनं. मी रडली, खोटं कशाले बोलू.

भाऊजी आले तेव्हा पंगती उठत होत्या. सूट, टाय, मागं चाकाची बॅग. आधी विमानवाल्याइले शिव्या घालून झाल्या, मग ताटावर बसले अन् विचारलं, "कन्यादान कोणं केलं?" वंदना त्याइले वाढत होती.

"मी केलं," ती म्हणाली. "दादा, बरं झालं तू वेळेवर पोचला नाही. तू असता, तर मले माझ्या लेकीजवळ बसू दिलं नसतं."