धुळे-चोपडा, आणि स्टँडवरचं रडणं

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चोपड्याला माहेरी जायचं की नाही, यात माझे आठ दिवस गेले. नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. माय हिवाळ्यात गेली होती आणि अखाजीला तिच्या नावाची पहिली घागर भरायची होती. पण मला भीती वाटत होती. घराची नाही, एसटी स्टँडची.

दोष माझाच. माहेरपण संपवून निघाले की, माझी मैना आता कधी येशील, असं म्हणत माय स्टँडवर मोठमोठ्याने रडायची. "मनी मैना, आते कवय यीशी व?" सगळी गाडी बघायची. मी धुळ्यात शिक्षिका, मला मेलीला लाज! शेवटच्या अखाजीला मी फटकारलं, "रडलीस तर पुढच्या वर्षी येणार नाही." ती रडली नाही. तोंडात पदर धरून नुसता हात हलवत राहिली.

सकाळची गाडी धरली. अखाजीच्या सुमाराला जाणार असाल तर तुम्हीही सकाळचीच धरा, दुपारी खिडकीतून वाफाच येतात. अमळनेरला गाडी थांबते, तिथे उसाचा रस प्या. पुढे तापी ओलांडली की केळीच्या बागा सुरू होतात आणि डोळ्यांना जरा गार वाटतं. तिथपासून सातपुडा दिसेपर्यंत मला मायशिवाय काही सुचत नव्हतं.

घरी आबांनी, माझ्या वडिलांनी, घागर आणून ठेवली होती. घागरीवर डांगर, म्हणजे आपलं खरबूज, पुढ्यात सांजोऱ्या. काकूने खापरावरची पुरणपोळी केली, आमरस केला. पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. आबा आमरस वाढत फिरत होते. आबांना रडताना कोणी पाहिलंच नव्हतं, मायच्या तिरडीपाशीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी ते मला पोचवायला स्टँडवर आले. मी गाडीत बसले, आणि खिडकीखाली उभे राहून आबा एकदम म्हणाले, "मनी मैना, आते कवय यीशी व..." आवाज घोगरा, शब्द मायचे. टोपी काढून तोंडावर धरली आणि हमसून हमसून रडायला लागले.

मी घाबरून खाली उतरले. "आबा, काय हे!"

"तुनी माय सांगी गयी," ते म्हणाले. "पोर जावाले लागनी की कोणीतरी रडाले जोयजे. नहीतं तिले वाटी, माहेर सरनं." माहेर संपलं असं मला वाटू नये, म्हणून हे रडणं!

तेवढ्यात कंडक्टर म्हणाला, "आबा, टायर बदलायचं आहे. अर्धा तास आहे अजून!"

आबांना रडायची सवयच नव्हती हो, कधी रडायचं ते कुठलं कळायला! मग आम्ही दोघं बाकावर बसून सांजोऱ्या खाल्ल्या. गाडी खरंच हलली तेव्हा त्यांचं रडून झालेलं होतं, ते टोपी हलवत होते. आणि मी खिडकीतून, अगदी मायसारखी, गळा काढून रडत होते.

"मास्तरीणबाई," आबा ओरडले, "बठ्ठा देखी ऱ्हायनात!"

"सगळ्यांना देखू द्या!"

आता आबाही नाहीत. माझी लेक नाशिकला असते. परवा तिला धुळ्याच्या स्टँडवर सोडायला गेले. गाडी सुटतेय ना, हे कंडक्टरला आधी विचारून घेतलं. मग रडले.