टपाला पुसलेला चुना

वडील गेल्यावर त्यांच्या गाडीच्या टपाचं आतलं कापड आणखी खाली आलं. ते असतानाच सुटायला लागलं होतं. आधी मागच्या काचेजवळ एक फुगा आला, मग तो पुढे पुढे सरकला. त्यांनी त्याला आईच्या साडीच्या पिना टोचल्या. पिना गंजल्या, प्रत्येकीभोवती तांबूस वर्तुळ उमटलं, आणि दोन पिनांच्या मधलं कापड म्हाताऱ्या बैलाच्या गळ्याच्या कातड्यासारखं लोंबत राहिलं. गाडीत बसलं की ते केसांना लागायचं. कोमट, किंचित चिकट. त्याला तंबाखूचा, खोबरेल तेलाचा आणि बंद कपाटाचा असा मिळून एक वास होता. तो शर्टाबरोबर घरात यायचा.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते घरात फारसं बोलत नसत. गाडीत बोलायचे, आणि तेही समोरच्या काचेकडे बघून, ओठाखाली तंबाखू असल्यामुळे हनुवटी थोडी वर उचलून. शेवगावहून नगरला जाताना त्यांनी मला जेवढं सांगितलं तेवढं बाकी सगळ्या आयुष्यात सांगितलं नसेल. त्यामुळे ती गाडी राहावी असं मला वाटत होतं. दुसरं कारण नव्हतं. गाडी जुनी होती आणि मला गाड्यांमधलं काही कळत नाही.

थोरला भाऊ पुण्याला असतो. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा त्याचा फोन आला. प्रवरेच्या काठी, नेवाशाला विधी करायचा ठरलं होतं.

“मी माझी गाडी घेऊन येतो,” तो म्हणाला. “सगळे तिच्यातूनच जाऊ. आणि दादांची गाडी त्याच दिवशी भंगारात घालू. दारात उभी राहून नुसती कुजतेय.”

“आई तिच्यात बसून नेवाशाला आली तर?”

तो हसला. “आई? आई त्या गाडीत बसली तर मी गाडीला हार घालीन. बसली तर ठेव बाबा तू. पण ती बसायची नाही.”

त्याचं खरं होतं. आई दादा असतानाही त्या गाडीत नाइलाजाने बसायची. मी तिला विचारलं तर म्हणाली, “त्यात बसायचं म्हंजी घरी येऊन परत आंघुळ करायची. मुसक्यावानी तोंडावर येतंय ते कापड. आदी ते काढ, मंग बगू.”

बगू म्हणाली, एवढ्यावर मी कामाला लागलो.

गाडीचं कुशन करणारे नगर रस्त्याला दोघेतिघे आहेत. पण त्यांच्याकडे गाडी न्यायची मला लाज वाटली. आपल्या माणसाची घाण आपण काढावी, परक्यापुढे ती उघडी करू नये, असं काहीतरी डोक्यात होतं. मी मोबाईलवर बघून बघून आतल्या दिव्याची काच काढली, उन्हाच्या झडपा काढल्या, दारांवरचे धरायचे दांडे सोडवले, काचांच्या मधल्या खांबांवरची प्लॅस्टिकची आवरणं ओढून काढली. मग कापड ज्याला चिकटवलेलं असतं तो टपाच्या आकाराचा अख्खा पुठ्ठा एका बाजूने खाली घेतला.

पुठ्ठ्याबरोबर जे खाली आलं ते लिहायला बसलो तरी अजून नाक मुरडतं. कापडाच्या मागे पातळ स्पंज असतो. तो इतक्या उन्हाळ्यांत कुजून त्याचा विटकरी भुगा झाला होता. भुगा म्हणावा तर कोरडा नव्हता. घामाला चिकटायचा आणि बोटांनी पुसायला गेलं की मळासारख्या वळ्या व्हायच्या. मानेत गेला, कानांत गेला, दातांखाली आला. शिंकरलं तर तपकिरी. आईने ओट्यावर चहा ठेवला होता, त्यावर साय धरावी तसा तो धरला. पुठ्ठ्याच्या वरच्या अंगाला उंदरांनी घर केलं होतं. सरकी, भुईमुगाची टरफलं, तंबाखूच्या पुडीचे कातरलेले कागद, आणि त्यात वाळून चपटी झालेली पिल्लं. मी अंगणाच्या कडेला जाऊन ओकलो.

माणूस गेला की त्याच्या वस्तूंवर माया बसते, असं मी पुष्कळ ठिकाणी वाचलं आहे. ज्यांनी लिहिलं त्यांच्या वस्तू धुतलेल्या असाव्यात.

सगळ्यात वाईट जागा ड्रायव्हरच्या दाराच्या वर होती. दादा डबीतून चुना घ्यायचे, तळहातावर तंबाखू मळायचे, आणि बोटाला राहिलेला चुना हात वर करून टपाच्या कापडाला पुसायचे. आमच्याकडचे तंबाखू खाणारे सगळेच असं करतात. एसटीची सीट, शाळेचा खांब, चावडीची भिंत, जे हाताशी येईल त्याला. त्या जागी चुन्याची बोटं एकावर एक चढून खपली धरली होती. मधल्या भेगांत तेलाचा काळा मळ. घरातही तेच होतं. दाराच्या चौकटीवरून आईची आणि त्यांची वर्षानुवर्षं भांडणं झाली. “चौकट हाय का चुन्याची भट्टी?” ती म्हणायची. ते ऐकून घ्यायचे आणि बाहेर जाताना पुन्हा तिथेच बोट पुसायचे. तेरावा झाल्यावर आईने उलथनं घेऊन चौकट खाली लाकूड दिसेपर्यंत खरवडली. मदतीला कुणाला हात लावू दिला नाही.

जुनं कापड मी गोळा करून पेटवलं. त्याचा धूरही चिकट होता. पुठ्ठा काथ्याने घासून घेतला. आता नवं कापड हवं होतं, आणि इथे अडलं. आमच्या घरात माणूस गेला की वर्षश्राद्ध होईपर्यंत नवं कापड घरात येत नाही. आई ते काटेकोर पाळत होती. फाटलेला टॉवेलसुद्धा तिने बदलू दिला नव्हता.

पण घरात कापड होतं. दहाव्याला नातेवाइकांनी दुखवट्याचा आहेर आणला होता. टॉवेल, टोप्या, ब्लाउजपीस, धोतरं यांनी अर्धं कपाट भरलं होतं. ही धोतरं कुणी नेसत नाही. एका घरच्या दहाव्याला आलेलं धोतर घडीसकट दुसऱ्या घरच्या दहाव्याला जातं. मला वाटलं, हे तर आधीच घरात आहे, म्हणजे नवं नाही. मला माझं डोकं बरंच चाललं असं वाटलं.

कुशनवाल्यांकडून कापड चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा आणला, ब्रशने पुठ्ठ्याला लावलं, वर धोतर ताणून बसवलं. ते काम स्वच्छ नव्हतं. सोल्यूशनच्या वासाने कपाळ ठणकलं, बोटं एकमेकांना चिकटली आणि सोडवताना कातडी गेली. पण पुठ्ठा वर चढवून दिवा लावला तेव्हा गाडी आतून पहिल्यांदाच उजळ दिसली. मी आईला हाक मारली.

तिने एक पाय आत घातला, वर बघितलं आणि पाय मागे घेतला.

“कापड कुठलं हे?”

“घरातलंच आहे. नवं नाही आणलं.”

“त्ये न्हाई इचारलं मी. आलं कुठून?”

“दुखवट्यातलं. कपाटात पडून होतं.”

ती म्हणाली, “त्यांच्या अंगावर असलंच पांढरं टाकलं हुतं. तूच टाकलंस. आन आता मला म्हनतो त्याच्याखाली बस. मी काय मढं हाय व्हय?”

मला खरोखर ते दिसलं नव्हतं. तिने दाखवल्यावर दुसरं काही दिसेना.

“एवढी पुस्तकं वाचली,” ती घरात जाताना म्हणाली, “एकात बी न्हवतं का हे? घाण हुतं तरी त्ये गाडीचं कापड हुतं.”

उन्हं चढली तसं धोतराने स्वतःच माझा निकाल लावला. पातळ कापडातून सोल्यूशन पाझरून पिवळे डाग आले. जखमेतून पू गळावा तसे. मग डागांच्या कडांना कापड सुटलं आणि फुगे धरले. मी पुठ्ठा पुन्हा खाली काढला. अर्धवट ओलं कापड ओढताना दशा निघत होत्या, भाजलेली कातडी निघावी तशा, आणि त्या हाताला, कोपराला, चष्म्याला चिकटत होत्या. मला त्या कापडाची, त्या गाडीची आणि काही वेळ दादांचीही किळस आली. मी तसाच ओट्यावर बसलो. भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

आई पेट्रोलमध्ये भिजवलेला बोळा घेऊन आली. “शी,” ती पुठ्ठ्याकडे बघून म्हणाली. पदर नाकाला लावला आणि दुसऱ्या हाताने चिकटा पुसायला लागली. मी दुसरीकडून पुसायला लागलो. पुठ्ठा करडा, उघडा, ठिकठिकाणी ओरखडलेला झाला, तेव्हा ती म्हणाली, “आता कायबी लावू नको. नागडंच ऱ्हाऊ दे. तसाच चढव.”

सकाळी भाऊ आला. त्याने आपल्या गाडीचा एसी चालूच ठेवला होता. जुन्या गाडीत डोकावून म्हणाला, “हे काय? छप्परच गेलं की. सोपं झालं, भंगारवाल्याला तेवढंच कमी वजन.”

आई पूजेची पिशवी घेऊन बाहेर आली. त्याने दार उघडून धरलं. ती त्याच्या गाडीशेजारून पुढे आली, दादांच्या गाडीच्या डाव्या सीटवर जुन्या लुगड्याची घडी टाकली आणि बसली.

“आई, त्यात?”

“मंग? डोक्याला लागायचं काय ऱ्हायलं न्हाई आता. चला, ऊन व्हायच्या आत.”

“वास बघ किती येतोय.”

“येतोय की,” ती म्हणाली. “म्हाईत हाय मला कसला येतोय त्यो.”

“हार आणलास का?” मी भावाला विचारलं. तो आपल्या गाडीत जाऊन बसला आणि आमच्या मागे मागे यायला लागला.

रस्ता तापायला लागला तसा पुठ्ठ्याचा वास मोकळा झाला. काच खाली केली तरी जाईना. आईने पदर नाकाला धरला तो सोडला नाही. थोड्या वेळाने तिने डाव्या खांबाच्या प्लॅस्टिककडे बघितलं. शेवटच्या वर्षात गाडी मी चालवायचो आणि दादा त्या बाजूला बसायचे. ते आवरण मी न बघताच पुन्हा बसवलं होतं. त्यावर चुन्याची बोटं होती.

“हितं बी,” ती म्हणाली.

तिने दुसऱ्या हाताच्या नखाने ती खरवडायला घेतली. पांढरा भुगा लुगड्याच्या घडीवर पडत होता. मी थांबू का म्हणून विचारलं, तर तिने नको म्हणून मान हलवली. नेवासा येईपर्यंत तिचं नख चालू होतं, तरी सगळा चुना निघाला नाही. नदीवरून परत निघालो तेव्हा ती पुन्हा त्याच सीटवर बसली, नाकाला पदर लावला, आणि जिथे सोडलं होतं तिथून खरवडायला लागली.