बैलबाजारात घेतलेला ड्रिलचा तास

परवा बेल्ह्याच्या बाजारात मी शिट्टी फुंकली आणि अख्खा बैलबाजार माझ्याकडे वळून बघायला लागला... बैलांसकट!

त्याचं असं झालं. बेल्ह्यापासून कोसभरावरच्या एका लहानशा गावात मी शाळामास्तर आहे. शाळेत मी एकटाच, त्यामुळे गणितही माझं आणि ड्रिलही माझंच.

पण जीव म्हणाल तर ड्रिलवर. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिकून आलो तेव्हापासून रोजचा शेवटचा तास शाळेपुढच्या पटांगणात. पाढे म्हणताना पोक काढून बसणारी पोरं तिथे ताठ उभी राहतात, खदाखदा हसतात. तो तास मी कुणाला देणार नाही, हे मनाशी पक्कं होतं.

गावाला मात्र ते काही पटेना. त्यात सगळ्यांत पुढे धोंडीबा. त्याचा गेणू माझ्याकडे तिसरीत आहे. धोंडीबानं पारावर सांगून ठेवलं होतं, "आज मास्तर हात वर कराय शिकिवतोय, उद्या सरकार त्याच हातात बंदूक दील. पोरं पलटणीत घालायचा डाव हाय ह्यो." मी समजावून दमलो, मग भांडलो, मग त्याच्याशी बोलणंच सोडलं. तीन महिने!

शाळा तपासायला येतात ते डिपोटीसाहेब मागच्या भेटीत स्पष्ट बोलून गेले होते. गावाची तक्रार आहे, तेव्हा पुढच्या खेपेला मुलांनी नीट ड्रिल करून दाखवलं तर ठीक, नाहीतर तो तास बंद करा आणि मोडी गिरवून घ्या. मी महिनाभर पोरांकडून तयारी करून घेतली. आणि साहेबांचं पत्र आलं... येणार कधी, तर नेमके बाजाराच्या दिवशी.

बाजाराच्या दिवशी आमच्या शाळेत चिटपाखरू नसतं. बाप सौदा करतो आणि पोरगं कासरा धरून बैलापाशी उभं राहतं. साहेब तट्टावरून उतरले, रिकामी शाळा बघितली आणि नुसते हसले.

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. म्हटलं, "साहेब, आज शाळा बाजारात आहे. चला." बोलून तर बसलो... मग कोसभर वाट मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत चाललो.

बाजारात ही गर्दी, हा धुरळा. मी शिट्टी फुंकली. लोक बघायला लागले, पण पोरं काही दिसेनात. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मग बैलांच्या आडून एकेक टोपी दिसायला लागली. अकरा पोरं आली, अंतर सोडून झक्क ओळीत उभी राहिली... आणि प्रत्येकाच्या मागे एक बैल! कासरा सोडायचा नाही, अशी बापाची ताकीद. पोरांचं तरी काय चुकलं?

"हात वर!" मी ओरडलो. अकरा हात वर गेले. अकराच, कारण दुसऱ्या हातात कासरा. बाजार खो खो हसला. मी हट्टानं पुढचे हुकूम देत राहिलो. हात पुढे, हात बाजूला, पुन्हा वर... सगळं एका हातानं, पण चूक एकाचीही नाही.

साहेबांनी वही काढली आणि म्हणाले, "मास्तर, हे तर अर्धंच ड्रिल झालं. अर्ध्या पोरांचा शेरा मी काय लिहू?"

खरं सांगतो, मला रडू येत होतं. हात खाली घ्या म्हणायचंही सुचलं नाही. गेणू ओळीत पहिलाच, त्याचा तो एक हात तसाच वर.

समोर धोंडीबा उभा होता. त्याचा आणि जुन्नरच्या कासमभाई व्यापाऱ्यांचा हात एकाच उपरण्याखाली. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत, उपरण्याखाली बोटं दाबून ठरवतात. मध्येच हात काढला की सौदा मोडला. जोडीतला एक बैल मेला होता, उरलेला विकायला धोंडीबा तिसऱ्यांदा बाजारात आला होता आणि आज कुठे गिऱ्हाईक लागलं होतं.

धोंडीबा पोराकडे बघत राहिला. मग त्यानं उपरण्याखालून हात काढला, चालत आला आणि गेणूच्या हातातला कासरा घेतला. म्हणाला, "आता बघा सायेब."

ते बघून बाकीचे बापही पुढे झाले. एका पोराचा बाप चहाला गेला होता, तर मोडलेल्या सौद्याचा राग गिळून कासमभाई स्वतःच आले आणि त्याचा कासरा धरून उभे राहिले.

"हात वर!" या वेळी बावीस हात वर गेले. कुणी हसलं नाही.

साहेबांनी शेरा लिहिला, तास चालू राहणार म्हणाले आणि तट्टावर बसून पुढच्या गावाला गेले. माझ्या जिवात जीव आला.

धोंडीबाचा बैल मात्र विकला गेला नाही. परत येताना आम्ही बरोबरच चाललो, मध्ये तो बैल. शेवटी मीच विचारलं, "धोंडीबा, आता पलटणीची भीती गेली का?"

"भ्या हायेच की मास्तर," तो म्हणाला. "पन माझं पोरगं अर्धं म्हनून कुनी लिवलेलं मला न्हाई चालायचं."

आणि या माणसाशी मी तीन महिने बोलत नव्हतो... धोंडीबा, माझं चुकलं. तुमचे उपकार मी विसरायचो नाही.