आईची मिसरी सुटली

आज सकाळी आईची मिसरी सुटली. अभिनंदन करू नका, आधी ऐका.

मी औंधजवळ माहेरी आलेय. आईला विसरण्याचा आजार आहे. दिवसा झोपते, रात्रभर घरात फिरते. माझं नाव विसरली, वडील वारल्याचंही विसरली. पण उजाडलं की तळहात पुढं करून मिसरी मागायची. तेवढं एकच घड्याळ तिच्या अंगात चालू होतं.

या तंबाखूवरून आम्ही किती भांडलो! डॉक्टर ओरडले, मी डबी लपवली. तिचं एकच, "मिसरी लावल्याबिगर मला दिस उगवत न्हाई."

आज ऊन अंगणात आलं तरी तिचा हात पुढं झाला नाही. शेवटी मीच डबी उघडून तिच्यापुढं धरली. तिनं वाकून पाहिलं.

"आवं बाई, ह्यात काय हाय?"

वहिनी म्हणाली, "बरं झालं वन्सं, सुटली एकदाची."

मी चिमूटभर मिसरी आईच्या तळहातावर ठेवली. तिनं ती फुंकून उडवली आणि हसली.

इतकी वर्षं मी यमाईला साकडं घालत होते, हिची मिसरी सुटू दे. आता परत दे म्हणून कुठल्या तोंडानं मागू, सांगा.