बिनभोकाचा पत्रा

सत्तर सालाच्या आगेमागे मी भोर ते कापूरहोळ सवारी मोटार चालवायचो. मोटार इतकी जुनी, की तिचा पहिला मालक कुरुक्षेत्रावरून परस्पर घरी आला असावा. माझ्या साडूची, म्हणजे बायकोच्या पाठच्या बहिणीच्या नवऱ्याची, वेल्ह्यात जीप होती. त्याची जीप चांगली, गळा चांगला, मिशा तर फारच चांगल्या. हे सगळं मी सोसलं. सोसवला नाही तो त्याच्या इंजिनाखालचा पत्रा.

आमचे सासरे पासलीचे. तीन मुली, मुलगा नाही. धाकटी हिर्डोशीला दिलेली. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला लेकीला माहेरी आणायला भाऊ मुराळी म्हणून जातो. इथं भाऊच नव्हता, म्हणून सासरे स्वतः निघणार होते. पण कुणाच्या गाडीतून? थोरला जावई मी, मान माझा.

नेमकं आषाढात घात झाला. सासऱ्यांना भोरच्या बाजाराला नेताना रस्त्यातल्या धोंड्यांनी माझ्या गाडीखालचा पत्रा टराटरा फाडला. पुढच्या ओढ्यात पाणी थेट इंजिनावर उडालं आणि मोटार म्हशीसारखी मधोमध बसली. सासऱ्यांच्या धोतरात इतके मासे शिरले, की त्या दिवशी अर्ध्या पासलीत कालवण झालं. एवढ्यात मागून साडूची जीप आली आणि त्याच ओढ्यातून तोंड पुसल्यासारखी निघून गेली.

"पावणं, तुमच्या मोटारीला खालनं लंगोट न्हाई जनू," सासरे म्हणाले. "मधल्या जावयाचं बघा की."

ते वाक्य घेऊन मी कापूरहोळच्या मिस्त्रीकडे गेलो.

"डांबराच्या पिंपाचा पत्रा ठोकतो," मिस्त्री म्हणाला. "हलका असतुया."

"माझ्या साडूच्या जीपला काय हाय?"

"पिंपाचाच. म्याच लावलाय."

"मग पिंप नको."

"ट्रकच्या टायरचं रबर लावू? धोंडा लागला तरी फाटायचं न्हाई."

"उद्या त्योबी लावंल. त्याला सपनातबी सुचणार न्हाई, असं काढा."

कोपऱ्यात गुऱ्हाळातली एक फुटकी काहील पडली होती. गूळ आटवायची ती भली थोरली कढई, बोटभर जाड. मी तिच्यावर हात ठेवला.

"तुमाला मोटार चालवायचीय का गूळ काढायचाय?" मिस्त्रीनं विचारलं.

तरी त्यानं कापली, ठोकली, कडा वर वळवल्या. चार माणसं उचलायला लागली आणि मोटारीचं नाक जमिनीला टेकायला आलं. मग तो म्हणाला, "पानी जायाला खाली भोकं पाडतो."

"साडूच्याला हायेत?"

"हायेत की."

"मग माझ्याला एकबी नको. पानी आत यायचंच न्हाई, तर जायचं कुठनं?"

मुराळी निघायच्या दिवशी सासरे फेटा बांधून माझ्या शेजारी बसले. साडूची जीप रिकामीच मागं, सोबतीला. आरशात ती दिसली की मी हॉर्न वाजवायचो. पहिला ओढा पार झाला, दुसरा झाला. खालून चूळ भरल्यासारखा आवाज येत होता, तो मला काहिलीचा डौल वाटला. भोर सोडलं आणि हिर्डोशीच्या वाटेवर मोटारीनं तीन उचक्या देऊन डोळे मिटले.

बॉनेट उघडलं. वळवलेल्या कडांवरून आलेलं पाणी आणि चिखल काहिलीत काठोकाठ साठला होता. पंख्यानं तो घुसळून प्लगच्या सगळ्या वायरींवर उडवला होता. आत एक बेडूक सहकुटुंब राहायला आला होता. भाताची लावणी करता आली असती.

सासऱ्यांनी फेटा सावरला आणि जीपमध्ये जाऊन बसले. साडू हसलासुद्धा नाही. तेवढाही आधार त्यानं मला दिला नाही. मी मागं शिदोरीच्या पाटीला टेकून बसलो.

हिर्डोशीला मेव्हणी दारातच उभी होती, मागं तिचं सगळं सासर. "थोरलं दाजी, तुमी मागं कसं? मोटार कुठाय?"

मी तोंड उघडलं. वाघ आडवा आल्याची थाप जमत आली होती. पण साडू आधी बोलला.

"वाटंत एका सायबाची बायकू अडली हुती. दाजींनी किल्ली सायबाच्या हातात दिली. म्हनले, माजं काय, मी पाटीपाशी बसंन."

सगळं सासर माझ्याकडे देवाकडे बघावं तसं बघायला लागलं. घोट्यापर्यंत चिखलात भरलेले, सगळं डोळ्यांनी पाहिलेले सासरे मान हलवून म्हणाले, "व्हय. लई मोठं मन."

पंगतीत पहिला पाट माझा. शेजारच्या पाटावर साडू आणखी तूप मागत होता. इतकी नेटकी थाप मला पंधरा दिवस घोटूनही जमली नसती, आणि त्याला ती बसल्या जागी सुचली होती. वर ती त्यानं मला फुकट देऊन टाकली होती.