पोलिक्सेनीच्या लेकीचा पलंग

पोलिक्सेनी रजया शिवायची. ग्रीसमधल्या आमच्या काटो व्रिसी गावात तिच्या रजईशिवाय एकाही नवरीचा संसार सुरू झाला नाही. जीभ सुईसारखी, पण हात सोन्याचा. लग्नाच्या आदल्या गुरुवारी गावच्या पोरी नव्या जोडप्याचा पलंग सजवतात, पाहुणे त्यावर नोटा उधळतात, एखादं तान्हं बाळ लोळवतात. मगच लग्न पक्कं झालं असं आम्ही धरतो. जन्मभर दुसऱ्यांचे पलंग सजवून झाले, पोटच्या पोरीची, आसिमिनाची वेळ आली, आणि त्याच आठवड्यात सोमवारी बँकांना कुलूप! कर्ज काढलं अथेन्सच्या शहाण्यांनी, नोटा साऱ्या युरोपच्या सामाईक, आणि रांगेत तिष्ठणार आम्ही. माणशी दिवसाला साठ युरो, तेही एटीएम मशीनची मर्जी असली तर.

मंगळवारी नवऱ्या मुलाची आई झाखारो दारात उभी.

"विहीणबाई, लग्न पुढे ढकलू या. युरो राहतोय का जुना द्राख्मा परत येतोय, ते तरी कळू दे. गुरुवारी लोक पलंगावर टाकणार काय? मशीनच्या पावत्या?"

होणाऱ्या जावयाला, लेफ्तेरिसला, जर्मनीत नोकरी लागली होती आणि पुढच्या सोमवारी त्याचं विमान होतं. लग्न झालं तर दोघं जाणार, नाही तर तो एकटा. एकटे गेलेले किती जण परत आले, ते गावाला चांगलं ठाऊक होतं. आतून आसिमिनाचे हुंदके ऐकू येत होते.

"नाणं बदललं तर बदलू दे, मी जावई बदलणार नाही," पोलिक्सेनी कडाडली. "गुरुवारी या. पलंग रिकामा दिसला, तर तुम्ही म्हणाल ती तारीख."

बोलून बसली खरी. विहीण वळताच ती तडक कॉफीच्या दुकानात शिरली. रविवारी देशाला कर्ज देणाऱ्या सावकारांच्या अटींवर देशभर मतदान होतं. 'हो'वाले एका भिंतीला, 'नाही'वाले दुसऱ्या, आणि एकमेकांशी अबोला.

"हो म्हणा नाही तर नाही म्हणा, खड्ड्यात जा!" ती म्हणाली. "माझ्याच रजईत झोपता ना सगळे? पैसे थकले म्हणून कुणाला थंडीत उघडं ठेवलंय मी? गुरुवारी माझ्या लेकीचा पलंग आहे. नोटा नकोत. घरात असेल ते आणा, पण हात हलवत येऊ नका."



गुरुवारी बराच वेळ फक्त झाखारोच कोपऱ्यात बसून होती. मग म्हातारा स्तेलियोस ऑलिव्ह तेलाचा भला मोठा डबा खांद्यावर घेऊन आला.

"पोलिक्सेनी, हा टाकायचा का ठेवायचा?"

"टाका काका, टाका!"

मागून रीघच लागली. चीजचे गड्डे, अक्रोडाची पोती, मधाच्या बरण्या, तेलाचे आणखी डबे. 'हो'वाला थोरला आणि 'नाही'वाला धाकटा, दोघे भाऊ एकच वाइनचं पिंप दोन टोकांना धरून, तोंडं फिरवून आत आले. एका आजोबांनी जुन्या द्राख्मांचं पुडकं भिरकावलं. "जपून ठेव पोरी, परत आला तर गावात तूच श्रीमंत!" हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. शेवटी रीतीप्रमाणे एक तान्हं बाळ पलंगावर लोळवलं, त्याच्या आईने ते उचललं मात्र, आणि काड्! पलंगाचा पाय मोडला.

केवढा अपशकुन! नवरीचा पलंग मोडला! आसिमिना पांढरीफटक पडली. साऱ्या नजरा झाखारोकडे.

झाखारो उठली. पदर खोचावा तशा बाह्या सारल्या, तेलाचा एक डबा ओढला आणि मोडक्या कोपऱ्याखाली सारला. मग त्या पलंगावर धपकन बसली, दोनदा उसळून पाहिलं. पलंग ढिम्म हलला नाही.

"बघताय काय सगळे?" ती गर्दीतल्या पाद्रीबाबांवर खेकसली. "रविवारी सकाळी काय मत द्यायचं ते द्या, संध्याकाळी चर्च उघडा. माझी सून सोमवारी जर्मनीला निघालीय!"

पोलिक्सेनीने विहिणीला मिठी मारली आणि सगळ्या गावादेखत भोकाड पसरलं.